पडदे घरी ठेवून आलेली गाडी

जांबोटीत पाऊस वरून पडत नाही. जुलैत आमच्या चौकात दोन मिनिटं उभं राहून बघा. तो कणकुंबीकडून आडवा येतो, छत्रीच्या खालून शिरतो आणि पायापासून सुरुवात करून वर चढत जातो. म्हणून आमच्याकडच्या जुन्या घरांना पावसाच्या अंगानं ताट्या बांधायचे. रोप लावायला गेलेला माणूस डोक्यावर नुसतं फडकं टाकायचा नाही, घोंगडीची खोळ पार पोटऱ्यांपर्यंत सोडायचा. वरचं छप्पर काय, कुणीही करतं. बाजूचं काय करायचं, हा इथला प्रश्न. माझं पोट गेली पस्तीस-छत्तीस वर्षं याच प्रश्नावर चाललंय.

मी हूडं शिवतो. जीपची, जिप्सीची, कमांडरची आणि नशीब असलं तर एखाद्या जुन्या उघड्या मोटारीचं. दुकानाच्या पाटीवर ‘कुशन वर्क’ असं लिहिलंय, पण सीटा शिवणारे बेळगावात गल्लोगल्ली आहेत. चोर्ला घाटाच्या रस्त्यावरचा माणूस माझ्याकडं येतो तो टप आणि पडदे घेऊन. टप म्हणजे वरचं कापड. पडदे म्हणजे दाराच्या वरच्या मोकळ्या जागेत लावायचे आणि काढायचे ते. शिकलेली माणसं त्यांना साइड कर्टन म्हणतात. गिऱ्हाईक टपाच्या कापडावर तासभर घासाघीस करतं आणि पडद्यांचं शेवटी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारतं. मला तेव्हाच कळतं, हा माणूस पावसात परत येणार.

असंच एक जोडपं काही वर्षांपूर्वी पणजीहून आलं. मेअखेरचे दिवस, दुपारचे चार वाजलेले. चोर्ल्याच्या वर वळीव फुटला होता. चौकात एक बुटकी, बाटलीच्या हिरव्या रंगाची, लांब नाकाची मोटार येऊन थांबली. एमजी टीडी, १९५२ ची. वर कापडी टप नीट चढवलेला, ताणलेला, कोराच म्हणा. आणि आत दोघं नखशिखांत चिंब. बाईंनी गाडीच्या आत छत्री उघडून दाराच्या बाजूला आडवी धरली होती. एवढ्या वर्षांत गाडीच्या आत छत्री उघडलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

“मेस्त्री, टप नवा आहे हो. मग पाणी येतं कुठून?” गृहस्थ म्हणाले.

“पडदे कुठं आहेत?”

“घरी. कपाटावर. निघताना कडकडीत ऊन होतं...”

बाईंनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि छत्री मिटली.

दोघांना आत बसवलं, टॉवेल दिले, चहा सांगितला. पाऊस थांबेपर्यंत मी त्या गाडीभोवती फिरून घेतलं. अशा गाडीला रोडस्टर म्हणतात. दोन माणसांची, उघडी, हलकी. तिच्यात छप्पर ही नंतर जोडायची गोष्ट असते. आपल्या नेहमीच्या मोटारीत छप्पर हा सांगाड्याचा भाग असतो, दारात काच असते, हँडल फिरवलं की वर येते. जुन्या रोडस्टरच्या दारात काच राहायला जागाच नसते. दार बुटकं, पातळ, वरून खोल कापलेलं. कोपर बाहेर टाकून बसावं म्हणून ते तसं केलेलं. मग वरच्या मोकळ्या जागेला पडदा. लोखंडी तारेची किंवा पट्टीची चौकट, तिच्यावर कापड, मध्ये पारदर्शक खिडकी, खाली दोन पाय. ते पाय दारातल्या भोकात खोचायचे आणि वरून घट्ट करायचे. टीडीला असे चार पडदे असतात, दोन दारांचे आणि दोन त्यांच्या मागचे. सीटच्या पाठीमागं ते ठेवायला जागासुद्धा करून दिलेली असते. कपाटावर ठेवायची गरज इंग्रजांना वाटली नव्हती.

या पडद्यांचा इतिहास तसा लहान आहे. मोटार आली तेव्हा तिनं घोडागाडीचं दुमडतं हूड उचललं आणि बाजूला बटणांचे पडदे आले. घरच्या गाड्यांना लवकरच काचा लागल्या, पण या उनाड गाड्यांनी पडदे सोडले नाहीत. जग्वारची १९४८ ची एक्सके १२० घ्या, १९५३ ची ट्रायम्फ टीआर२ घ्या, १९५५ ची एमजीए घ्या, सगळ्या पडदेवाल्या. एमजीएच्या उघड्या गाडीला तर बाहेरून दाराला हँडलच नाही. पडद्यातून हात आत घालायचा आणि आतली दोरी ओढायची. कुलूप वगैरे प्रकरण नाहीच. १९६१ मध्ये ट्रायम्फनं टीआर४ ला वर-खाली होणाऱ्या काचा दिल्या, १९६२ मध्ये एमजीबीला त्या आल्या, आणि पडद्यांचा जमाना उतरणीला लागला. लोटस सेव्हन मात्र १९५७ पासून हट्टानं तशीच. तिला दार नाहीच, पडदा हेच दार. बिजागरीवर उघडतो.

जुन्या पडद्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची झडप. ड्रायव्हरच्या बाजूच्या पडद्याला खाली एक सुटा तुकडा असायचा, वर ढकलला की हात बाहेर काढता येईल असा. कशाला? तर तेव्हा इंडिकेटर नसायचे, वळायचं असलं की हात दाखवावा लागायचा. मी ही झडप पुढं जीपच्या पडद्यांना करायला लागलो. आमच्या ड्रायव्हरांना वळणाचा हात दाखवायचा नव्हता, पण पिंक टाकायला सोय झाली.

आमच्या घरात जीप माझ्या जन्माच्या आधीपासून. बाबा एका लाकूड कंत्राटदाराकडं ड्रायव्हर होते. विलिसच्या नकाशावर महिंद्रानं बांधलेली ती गाडी, उंच बॉनेटची सीजे-३बी. १९४७ मध्ये महिंद्राची मंडळी सुटे भाग आणून मुंबईत विलिस जोडायला लागली, आणि पुढं आपल्या देशात जीप म्हणजे तेच झालं. एक गंमत सांगतो. आपण ज्याला बॉनेट म्हणतो त्याला अमेरिकेत हूड म्हणतात. आणि आपण इंग्रजांच्या चालीनं हूड म्हणतो ते वरच्या कापडाला. अमेरिकन गाडीचं पुस्तक वाचून माझ्याकडं ‘हूडचा पत्रा’ विचारायला आलेले लोक मी बघितलेत.

बाबांची जीप म्हणजे खरं बघता रोडस्टरची गावाकडची बहीणच. पुढची काच पुढं पडते, टप निघतो, दारं नसतातच किंवा कापडाची असतात. युद्धात हजारोंनी वापरायची म्हणून ती तशी बनवलेली. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, मोठा कॅम्प. त्यामुळं लष्कराच्या लिलावातलं जाड हिरवं कॅनव्हास आमच्या भागात मिळायचं. बाबांनी आणलेल्या तशा कॅनव्हासचा टप त्या जीपवर बारा वर्षं होता. पडदे मात्र नव्हते. बाबा म्हणायचे, “पडदे लावले की ओढ्याचा आवाज ऐकू येत नाही.” कुसमळीच्या अलीकडं पाणी चढलंय की नाही हे ते कानानं ठरवायचे. त्यांची डावी बाजू कोरडी असायची आणि उजवी सदा ओली. म्हातारपणी उजवा खांदाच दुखायचा. पावसाचा आणि दुखण्याचा संबंध डॉक्टरनं मान्य केला नाही, पण आईनं शेवटपर्यंत सोडला नाही.

दहावीनंतर मी बेळगावात एका उस्तादांकडं लागलो. तिथं पहिले सहा महिने फक्त उसवायचं काम. उस्ताद म्हणायचे, दुसऱ्यानं शिवलेलं उसवलं की त्याची अक्कल आणि आळस दोन्ही दिसतात. मग कापणं आणि शेवटी मशीन. आमच्या धंद्यातल्या जड मशीनला अंब्रेला मशीन म्हणतात. तिच्यावर छत्री शिवताना मी कुणालाच बघितलं नाही, पण नाव पावसाचंच आहे.

आता कापडाचं सांगतो, कारण गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, “वॉटरप्रूफ आहे ना?” प्रश्न चुकीचा आहे. कापड पाणी अडवतं, टप सहसा कापडातून गळत नाही. तो शिवणीतून, बटणाच्या भोकातून, कडेतून गळतो.

सुती कॅनव्हासची एक खुबी आहे. भिजलं की सूत फुगतं आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात. म्हणून जुना टप पहिल्या सरीत जरा थेंब टाकतो आणि नंतर शहाण्यासारखा वागतो. पण भिजलेल्या टपाला आतून बोट लावायचं नाही. जिथं बोट लागेल तिथून पाणी झिरपायला लागतं. वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या गाडीत एक तरी पोरगं असं असतंच, टपाला बोट लावून बघणारं. मग पुढचे दहा किलोमीटर त्याच्या आजीच्या डोक्यावर थेंब.

दुसरा प्रकार म्हणजे दोन कापडांच्या मध्ये रबर. ही युक्ती ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशची, १८२३ ची. रेनकोटसाठी काढलेली. तेच कापड पुढं चांगल्या मोटारींच्या टपाला आलं. मऊ पडतं, घडी चांगली बसते, महाग असतं. तिसरं आपलं सर्वांच्या ओळखीचं रेक्झिन. कापडावर प्लास्टिकचा थर. पाण्याला पक्कं आणि स्वस्त, पण सूत जसं फुगून भोक बुजवतं तसं रेक्झिन बुजवत नाही. सुईनं पाडलेलं भोक जन्मभर भोकच. म्हणून रेक्झिनवर टाके लांब घालायचे, इंचाला पाच-सहा. नवा कारागीर बारीक टाके घालून देखणं काम करतो आणि सहा महिन्यांत ती शिवण तिकिटासारखी फाटते. शिवणीवर आतून मेण घासायचं. दोरा पॉलिएस्टरचा घ्यायचा. नायलॉनचा दोरा ओढून बघितला तर मजबूत, पण उन्हानं दोन-तीन वर्षांत कुजतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरचा पदर खालच्या पदरावर यायला हवा. कौलारू घरात राहिलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. टपाची कड पडद्याच्या बाहेरून खाली उतरली पाहिजे, पडद्याची कड दाराच्या बाहेरून. एक जरी पदर उलटा गेला की पाणी वाटीत गोळा केल्यासारखं आत. त्या पणजीच्या गाडीत मागच्या कोपऱ्यात नेमकं हेच झालं होतं. पडदे असते तरी तिथून एक धार आलीच असती. हे मी बाईंच्या समोर बोललो नाही.

धावत्या गाडीत गोष्टी आणखी बदलतात. गाडी पळायला लागली की टपावरून हवा जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि आतली हवा टपाला आतून वर उचलते. मागच्या गाडीतून बघा, सैल टप पुरीसारखा फुगलेला दिसेल. पडद्यांचंही तेच. पुढच्या काचेच्या खांबाला वळसा घालणारी हवा पडद्याची वरची कड बाहेर ओढते, तिथं बोटभर फट पडते आणि पाऊस सरळ मांडीवर. म्हणून उभ्या गाडीवर पाण्याची बादली ओतून “बघा, थेंब नाही” म्हणणाऱ्या कारागिरावर भरवसा ठेवू नका. मी गिऱ्हाइकाला गाडीत बसवून ओलमणीपर्यंत पळवून आणतो.

धुळीचं गणित तर लोकांना पटतच नाही. धूळ पुढून येते असं वाटतं. येते मागून. गाडीच्या पाठीमागं हवेचा पोकळ खड्डा तयार होतो, चाकांनी उडवलेली धूळ त्यात घुमते आणि मागचा पडदा उघडा असेल तर आत ओढली जाते. म्हणून उन्हाळ्यात कमांडरमध्ये मागं बसलेले पाहुणे लग्नाला पोचेपर्यंत लाल व्हायचे आणि ड्रायव्हर स्वच्छ. उपाय उलटा आहे. मागचा पडदा बंद करायचा आणि पुढं थोडं उघडं ठेवायचं. हे फक्त धुळीपुरतं नाही. सायलेन्सरचा धूरही त्याच वाटेनं आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आधी डोकं जड होतं आणि मग झोप येते. मागचा पडदा फाटलेला आणि बाजूचे घट्ट लावलेले, अशी गाडी मी दुकानातून पुढं जाऊ देत नाही. फाटक्याला आधी ठिगळ लावून घ्या, पैसे नंतर द्या म्हणतो. काही जणांनी नंतर दिलेच नाहीत, ते सोडा.

सगळे पडदे बंद केले की दुसरी कटकट, काचेवर वाफ. कमांडरमध्ये समोरासमोर बसलेली दहा-बारा माणसं, ओले कपडे, एखादी कोंबडी, आणि बाहेर गार पाऊस. ड्रायव्हरला रस्ता दिसत नाही. तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूची झडप चार बोटं उघडी ठेवायची आणि तेवढं भिजायचं. बाहेरच्या अंगाला काचेवर तंबाखू चोळायची जुनी युक्ती आहे. थेंब थेंब न राहता पाणी सपाट पसरतं आणि वायपर नसला तरी दिसतं. निपाणीकडचे ड्रायव्हर म्हणायचे, आमचीच तंबाखू लागते, दुसरी चालत नाही. तेवढा अभिमान असू द्यावा.

आता खिडकी. पडद्याचं आयुष्य त्याच्या खिडकीवर ठरतं. पहिल्या मोटारींच्या पडद्यांना सेल्युलॉइड असायचं. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा सिनेमाची फिल्म ज्या पदार्थाची होती, तोच पदार्थ. पिवळा पडणारा, तडकणारा आणि चटकन पेट घेणारा. सिगार ओढणाऱ्या साहेबांचं काय होत असेल देव जाणे. पुढं ताठ ॲक्रिलिकच्या सरकत्या खिडक्या आल्या, एमजीएला त्या होत्या. आपल्याकडं मिळते ती पीव्हीसीची मऊ पारदर्शक शीट. ती मऊ राहावी म्हणून तिच्यात तेलासारखा पदार्थ मिसळलेला असतो. उन्हानं तो उडून जातो, मग शीट आकसते, ताठ होते, पिवळी पडते. माझ्या दुकानात एकदा एका व्यापाऱ्याकडून अशी शीट आली की दिवाळीपर्यंत तिच्यातून माणूस आणि म्हैस यांतला फरक कळेना. अकरा पडदे मी पदरमोड करून बदलून दिले. तेव्हापासून शीट घेताना कोपरा दुमडून नखानं दाबतो. पांढरी रेघ उमटली की परत.

खिडकी सुक्या फडक्यानं पुसू नका. आमची लाल माती म्हणजे पॉलिशपेपर. आधी भरपूर पाणी ओतून माती वाहू द्या आणि मग मऊ ओलं फडकं फिरवा. रॉकेल, डिझेल, पेट्रोल लावू नका. लावल्यावर एक दिवस चकाकतं आणि आठवड्यात धुरकट होतं. पडदे ठेवताना खिडकीवर घडी पडता कामा नये. सपाट ठेवा, दोन पडद्यांच्या मध्ये जुनं सुती लुगडं घाला. १९८९ ला जपान्यांनी माझदा एमएक्स-५ ही छोटी रोडस्टर काढली, एका हातानं टप चढवता येईल अशी. पण पहिल्या पिढीच्या गाडीची मागची खिडकी प्लास्टिकचीच होती आणि तिला भोवती चेन होती. टप पाडायच्या आधी ती चेन उघडायची, म्हणजे खिडकी सपाट पडते. ज्यांना घाई, त्यांच्या खिडकीला आडवी रेघ. जपान असो की जांबोटी, प्लास्टिक कुणाचं ऐकत नाही.

टप चढवायला एक क्रम असतो. लोक शेवटचं टिचबटण लागत नाही म्हणून पक्कड घेतात आणि बटण उपटून ठेवतात. बटणाचा दोष नसतो. टीडीसारख्या गाडीत टप मागं अंगाला पक्का असतो. आधी कमानी उभ्या करायच्या, मग पुढची पट्टी काचेच्या चौकटीवर आणून सैलसर अडकवायची, मग कमान ताणायची आणि त्यानंतर पुढचे स्क्रू आवळायचे. पडदे सगळ्यात शेवटी. जीपला उलट, कापड पुढच्या काचेला आधी लावायचं आणि कमानीवरून मागं ओढत जायचं. पट्टे दोन्ही बाजूंचे आळीपाळीनं, एक घर इकडं, एक घर तिकडं. एकाच बाजूनं ओढलात तर टप वाकडा बसतो, मध्ये झोळ पडतो आणि झोळात पाणी साठतं. दोन हात लांब, हातभर रुंद आणि चार बोटं खोल झोळात बादलीभर पाणी सहज बसतं. खड्ड्यात चाक गेलं की ते सगळं कुणाच्या तरी मानेवर.

गारठ्यात रेक्झिन आकसतं, तेव्हा ते ओढू नये. गाडी अर्धा तास उन्हात उभी करा, तेच बटण करंगळीनं लागतं. ऊन नसेल तर? आमच्याकडं जूनमध्ये ऊन कुठून आणायचं? म्हणून मृगाच्या आधी, मेमध्येच टप ताणून बसवायचा. माझा सगळा धंदा त्या वीस-पंचवीस दिवसांत होतो. बाकी वर्षभर मी सीटा शिवतो आणि गप्पा मारतो.

पणजीच्या त्या गृहस्थांचे पडदे मग मीच केले. जुने चार त्यांनी पुढच्या खेपेला आणून दिले. चौकटी गंजलेल्या, कापडाचं जाळं झालेलं, खिडक्या चहाच्या रंगाच्या. मी ते उसवले. १९५२ च्या सुमाराच्या कुणा इंग्रज कारागिराचा हात त्यात दिसत होता. खालच्या कडेला त्यानं कापड दुहेरी दुमडून, पाणी थबकू नये म्हणून मुद्दाम एक तिरका टाका घेतला होता. कोण बघणार होतं ते? टीडीचं दार पुढून उघडतं, बिजागरी मागं. म्हणजे पडद्याची पुढची कड वाऱ्याच्या तोंडाला. तिथं त्यानं आत एक लवचीक पट्टी घालून ती कड काचेच्या चौकटीवर दाबून बसवली होती. मी ती तशीच ठेवली. खिडकी मात्र माझ्या शीटची.

अशा गाड्या आपल्याकडं झाल्याच नाहीत असं नाही. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सॅन मोटर्सनं गोव्यात ‘स्टॉर्म’ नावाची दोन माणसांची उघडी गाडी बनवायला घेतली. फायबरचं अंग, रेनॉचं लहान इंजिन, कापडी टप. वादळ हे नाव देऊन गाडीला कापडी टप देणारा माणूस धाडसीच म्हणायचा. चोर्ल्यावरून जाताना मी ती दोन-तीनदा पाहिली आणि दोन्ही हात जोडले. अलिबागकडं चिंकारा मोटर्सनं लोटस सेव्हनच्या वळणाची एक रोडस्टर बांधली, तिच्यात अँबेसेडरला बसायचं ते इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. कोकणाच्या पावसात सेव्हनच्या वळणाची गाडी! तिचं काम माझ्याकडं कधी आलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडं कापडी टप टिकवला तो या गाड्यांनी नाही, जिप्सीनं आणि जीपनं. १९८५ च्या अखेरीला मारुतीची जिप्सी आली आणि वनखात्यापासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळ्यांनी तिचा टप काढला. २०१० ला थार आली, तीही कापडी टपाची. २०२० च्या ऑक्टोबरात नवी थार आली तेव्हा कापडी टप आणि कडक टप दोन्ही मिळायला लागले. आता पोरं कडक टप घेतात. काचा बटणावर, आत एसी. वाईट काय त्यात? बाबांचा खांदा आठवला की मीही म्हणतो, घ्या बाबांनो. पण शनिवार-रविवारी गोव्याला निघालेली एखादी कापडी टपाची थार थांबते, पोरगा विचारतो, “मामा, हे उघडतं कसं?” दीड वर्ष गाडी वापरून टप एकदाही उघडलेला नसतो. कापडाला घडीच्या सवयीशिवाय घडी पडत नाही. मी अर्धा तास घालवून शिकवतो, चिवड्याची पुडी त्याच्याकडून घेतो.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना बजावून सांगतो. ओला टप दुमडायचा नाही. काळी बुरशी धरते आणि ती शिवणीत शिरली की निघत नाही. ओल्या पडद्यांचंही तेच. त्यांना घडी नाहीच, पण एकावर एक ठेवले की खिडक्या चिकटतात. सुकवूनच ठेवा म्हणतो. लोक मान हलवतात. त्यांच्याकडं पाच खोल्यांची घरं असतात.

माझ्याकडं दोन खोल्या. गेल्या जुलैत एका कमांडरचा टप दुरुस्तीला आला तो ओलाच. अंगणात पसरायचा तर पाऊस, दुकानात पसरायचा तर मशीन. शेवटी आतल्या खोलीत खुंटीपासून खुंटीपर्यंत दोरी बांधून खाटेच्या वर पसरला. चार दिवस तो सुकेना. पडदे स्वयंपाकघरात, चुलीपासून हातभर लांब. बायको भाकऱ्या थापता थापता म्हणाली, “ह्या घराला आता चाकं तेवढी लावा.” रात्री नातू टपाखाली झोपला आणि वर हात करून त्यानं कापडाला बोट लावलं. मी दिव्याच्या उजेडात वाट बघत होतो. थेंब आला नाही. पाचव्या दिवशी मी टप गाडीवर चढवला आणि ड्रायव्हरला घेऊन ओलमणीपर्यंत गेलो.